क्लेशांचें क्षेत्र

दुःख बाहेरून येतें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. परीक्षक कडक होता, शेजारी वाईट मिळाला, पाऊस वेळेवर पडला नाहीं. कारणांना तोटा नसतो. पतंजलीच्या योगसूत्रांत मात्र हीं कारणें मनांतच शोधलीं आहेत. बी. ए. साठीं संस्कृत घेतलें असतांना त्या ग्रंथाचें नांव मीं पाठ केलें होतें. ग्रंथ वाचला तो पुष्कळ वर्षांनीं, आणि तोहि एका लाजिरवाण्या प्रसंगामुळें. ख्रिस्ती शिक्षकानें योगसूत्रें कशाला वाचावीं, असें एका स्नेह्यानें मला विचारलें. दुखणें आपलें असलें म्हणजे वैद्य कोणत्या आळींतला हें कोण विचारतो?

प्रसंग असा. इयत्ता ९ वीच्या वर्गांत ऋकारान्त शब्द चालवितांना 'मातृ' शब्दाच्या द्वितीयेच्या बहुवचनीं मीं फळ्यावर 'मातॄन्' लिहिलें. मागच्या बाकावरील एक मुलगा उठून नम्रपणें म्हणाला, "सर, स्त्रीलिंग आहे, 'मातॄः' पाहिजे." त्याचें म्हणणें बरोबर होतें. वर्गांत हंशा पिकला. मीं चूक दुरुस्त केली, "शाबास" असेंहि म्हटलें, आणि प्रकरण मिटलें असें मी समजलों.

तें मिटलें नव्हतें. त्या मुलावर मी कधीं रागावलों नाहीं. मात्र त्याला प्रश्न विचारणें माझ्याकडून आपोआप कमी झालें. स्नेहसंमेलनांतील संस्कृत पाठान्तरासाठीं मुलें निवडतांना त्याचें नांव गळलें. आवाज लहान आहे, असें कारण मीं स्वतःला दिलें आणि तें मला पटलेंहि! संमेलनाच्या दिवशीं त्याचे वडील भेटले. शिंपीकाम करणारे गृहस्थ. टोपी हातांत धरलेली. म्हणाले, "मास्तर, मला संस्कृत कळत नाहीं. पोराचा उच्चार कोठें कमी पडला तेवढें सांगा. मी रोज रात्रीं समोर बसवून म्हणवून घेईन."

मजजवळ उत्तर नव्हतें.

सूत्रांच्या ४ पादांपैकीं दुसऱ्या, म्हणजे साधनपादांत, ५ क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष व अभिनिवेश. येथें 'राग' म्हणजे संताप नव्हे. एकदां चाखलेल्या सुखाकडे मनाची ओढ, तिला राग म्हटलें आहे. (मुलाचा पहिला नंबर हुकला म्हणून दोन दिवस न जेवणाऱ्या पालकांनीं हा शब्द ध्यानांत ठेवावा.) भोगलेल्या दुःखाच्या मागोमाग येणारी तेढ तो द्वेष. जगण्याला चिकटून राहण्याची धडपड तो अभिनिवेश. विद्वानांनाहि तो सोडीत नाहीं. माझें दुखणें अस्मितेचें. पाहणारा व पाहण्याचें साधन यांना एकच मानणें ही अस्मिता. संस्कृतचें ज्ञान हें माझ्या हातांतील एक साधन. तेंच मी, असें मीं धरून बसलों होतों. म्हणून चूक निघाली ती रूपाची, आणि जखम झाली ती मला.

पण मला खिळवून ठेवलें तें पुढील सूत्रानें. अविद्या हें इतर चौघांचें शेत आहे, आणि त्यांत ते चार अवस्थांत असतात: प्रसुप्त म्हणजे निजलेले, तनु म्हणजे क्षीण झालेले, विच्छिन्न म्हणजे दुसऱ्या वृत्तीखालीं तात्पुरते दबलेले, आणि उदार म्हणजे उघड वावरणारे. उदार द्वेष तेवढाच द्वेष, असें मी समजत आलों होतों. ओरडणें नाहीं, छडी नाहीं. तेव्हां मन स्वच्छ! उन्हाळ्यांत शेतांत हिरवें पान दिसत नाहीं म्हणून बीं मेलें, असें कोणता शेतकरी म्हणेल? व्यासभाष्यांत भाजलेल्या बियाचा दृष्टान्त आहे: विवेकानें दग्ध झालेला क्लेश विषय समोर आला तरी उगवत नाहीं. त्यापूर्वीं क्लेश क्षीण करावे लागतात. त्यासाठीं तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हा क्रियायोग सांगितला आहे.

त्या संध्याकाळीं, मंडप उतरत असतांना, मीं त्या गृहस्थांना पुन्हां गांठलें. "उच्चारांत उणें कांहीं नव्हतें," मीं म्हटलें, "निवडणाऱ्याच्या मनांत होतें." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले व "बरें, पोराला सांगतों," एवढेंच म्हणाले. दुसऱ्या वर्षीं पाठान्तराच्या रांगेंत तो मुलगा पहिला उभा होता.

अजूनहि फळ्यावर लिहीत असतां मागें कोणाचा हात वर झाल्याची चाहूल लागली, म्हणजे माझा खडू क्षणभर थांबतो. द्वेष तनु झाला असेल. दग्ध झालेला नाहीं. मग मी वळतों आणि विचारतों, "काय चुकलें?"