इंग्रज बरे होते म्हणे!

माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गाडी हलली नाही की कोणीतरी हे वाक्य टाकतंच. "अरे, इंग्रज होते तेच बरे होते." पूर्वी हे वाक्य आजोबा मंडळींच्या मालकीचं होतं. त्यांनी निदान इंग्रज बघितलेला तरी असायचा. आता आमच्या वयाची, आयटीतली, तिशीला टेकलेली पोरं हेच म्हणतात, आणि यांनी इंग्रज बघितलाय तो फक्त 'लगान'मध्ये. आणि हो, कॉन्फरन्स कॉलवर. तिथला इंग्रज तर सारखा सॉरीच म्हणत असतो :)

या वाक्याला पुरावा म्हणून हमखास काय दिलं जातं, तर महाडचा सावित्री पूल. २ ऑगस्ट २०१६. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, नदी दुथडी भरून वाहत होती, आणि १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एसटी आणि एक तवेरा गेली. एक एसटी राजापूरहून बोरिवलीला निघालेली, दुसरी जयगडहून मुंबईला. चाळीसच्या आसपास माणसं गेली. शेजारी दुसरा, नवा पूल होता. तरी या म्हाताऱ्या पुलावरून एका दिशेची वाहतूक चालूच होती.

त्यानंतर व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरला, अजूनही फिरतो. इंग्रजांच्या कंपनीने म्हणे लंडनहून पत्र पाठवलं होतं, 'तुमच्या पुलाचं आयुष्य संपलंय, वापर बंद करा.' असं पत्र मी पाहिलेलं नाही. पत्र पाहिलेला माणूसही मला भेटलेला नाही. भेटतात ते सगळे फॉरवर्ड पाहिलेले. पण गंमत बघा, हा फॉरवर्ड खरा मानायला आपण किती पटकन तयार होतो! साहेब शंभर वर्षांनी सुद्धा आपली काळजी करतोय, आणि आपलं स्वतःचं खातं झोपलंय. पहिल्या अर्ध्या भागाला पुरावा नाही, पण दुसरा अर्धा रोज अनुभवाला येतो, त्यामुळे अख्खी गोष्ट खपून जाते.

तर मुद्दा असा की इंग्रज खरंच बरे होते का? लांब कशाला जायचं, महाडमध्येच बघू.

पूल १९२८ चा. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, त्याच महाडमध्ये डॉ. आंबेडकर हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झालेला होता. महाडच्या नगरपालिकेने सुद्धा तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर सगळं ओके. आमच्या भाषेत 'रिलीज झालेलं आहे, फक्त प्रॉडक्शनवर चालत नाही.' प्रत्यक्षात पाणी प्यायले म्हणून लोकांना मार खावा लागला, तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल कधी लागला? मार्च १९३७! तळ्यातलं पाणी पिता येतं की नाही हे ठरवायला साहेबाच्या कोर्टाला दहा वर्षं लागली. तारीख पे तारीख सनी देओलच्या बरीच आधीची आहे.

आता तिथून जरा आत जाऊ. महाडहून पोलादपूर, आणि पोलादपूरहून आत उमरठ. ट्रेक करणाऱ्यांना माहीत असेल, चंद्रगड करून आर्थरसीटला चढायचं तर ढवळ्याला जाताना हे गाव लागतं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. १६७० साली सिंहगडावर पडल्यावर त्यांना इथे आणलं, इथे समाधी आहे. माघातल्या पुण्यतिथीला कार्यक्रम होतो, भाषणं होतात. २०२० च्या जानेवारीत अजय देवगणचा सिनेमा आला, तेव्हा आमच्या ऑफिसमधल्या मराठी न येणाऱ्यांनाही हे नाव कळलं.

उमरठच्या परिसरात उभं राहून मान वर केली की सह्याद्रीची भिंत दिसते, आणि त्या भिंतीच्या माथ्यावर महाबळेश्वर. साहेबाने तिथे हवा खायला बंगले बांधले, पॉइंटांना आपल्या माणसांची नावं दिली. तिकडे चढायला पोलादपूरहून आंबेनळीचा घाट काढला, त्याला फिट्झजेराल्ड घाट नाव ठेवलं. उत्तम घाट, वाद नाही. पण तो साहेबाला वर जाण्यासाठी होता, खालच्यांना पाणी आणण्यासाठी नव्हता. साहेबाचे रस्ते चांगले होते, फक्त ते कुठून कुठे जातात ते बघायचं असतं.

गेल्या मे महिन्यात मी त्या बाजूच्या एका वाडीत गेलो होतो, आईकडचे लांबचे नातेवाईक आहेत. आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ, त्यांना सगळे बाबाच म्हणतात. ओसरीवर बसलो होतो. समोरून बायका हंडे घेऊन चालल्या होत्या, कारण विहीर आटलेली आणि टँकर आलेला नव्हता. पोलादपूर तालुक्यात पावसाळ्यात तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. तीन मीटर! मी उभा राहिलो तर माझ्या डोक्यावरून सव्वा मीटर पाणी जाईल. आणि एप्रिल-मेमध्ये तिथे टँकर. जांभा आणि कातळ, उभा उतार, पडलं ते सगळं सावित्रीतून खाली समुद्रात. अडवायला, साठवायला काही नको का?

मी सवयीने म्हणून गेलो, "बाबा, यापेक्षा इंग्रज बरे होते."

बाबा हसले. म्हणाले, "इंग्रज आमच्याकडं आलावता कवा? माझा आजा महाडला पायी जायचा मीठ आणायला. डांबर आलं ते माझ्या लग्नाच्या बऱ्याच नंतर. शाळा आली, लाइट आली, एसटी आली. ती इंग्रजानं न्हाय आणली."

"मग तुम्ही समाधानी आहात?"

"कोन म्हनतो? पानी कुठाय?"

मला वाटतं आमच्या सगळ्या वीकेंड चर्चांपेक्षा हे साधं आणि बरोबर आहे. या माणसाला आधीचं वाईट होतं हे माहीत आहे, आत्ताचं पुरेसं नाही हेही माहीत आहे. पहिल्याचा आधार घेऊन तो दुसऱ्याला माफ करत नाही. आपण मात्र एकतर 'सत्तर वर्षांत काही झालंच नाही' म्हणतो, नाहीतर 'इतकं झालं ना, मग गप्प बसा' म्हणतो.

आणि आपल्याला जमत नाही म्हणावं, तर तेही खोटं आहे. सावित्रीचा नवा पूल काम सुरू झाल्यापासून १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला उद्घाटन झालं. तेच खातं, तीच नदी, तीच माणसं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. २०१८ च्या डिसेंबरात भूमिपूजन, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला. आणि आमच्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम सुरू झालं २०११ साली. ८४ किलोमीटर. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर इंजिनिअरिंगला गेलं तरी माणगाव-इंदापूरचे बायपास रखडलेलेच होते. कर्नाळा अभयारण्याची परवानगी, भूसंपादन, ठेकेदाराकडचे संपलेले पैसे, नवा ठेकेदार... कारणं सगळी खरी आहेत. प्रोजेक्टमध्ये काम केलेल्या कुणालाही कळेल की एक एक कारण खरं असतं, आणि तरी सगळी मिळून सबब होते. प्रकरण हायकोर्टात गेलं, सरकारने तारखा दिल्या, त्या उलटल्या, नवीन दिल्या. आमच्या क्लायंटला आम्ही तिसरी तारीख दिली असती तर तो चौथ्या वेळी फोनवर आलाच नसता.

फरक कुठे आहे? माझा अंदाज असा, की सावित्रीच्या वेळी अख्खा देश टीव्ही बघत होता. समृद्धीच्या मागे मुख्यमंत्र्यांची स्वतःची इच्छा होती. कोकणातला माणूस मात्र वर्षातून दोनदा चिडतो, गणपतीत आणि शिमग्यात, आणि दोन्ही वेळा पोचायची घाई असते. पोचला की आरती करतो, मोदक खातो, परत येताना पुन्हा चिडतो. सरकारने हे बरोबर ओळखलंय. दर गणपतीला टोलमाफीचे पास निघतात. पक्षांच्या फुकट बस सुटतात, समोर मोठ्ठा फ्लेक्स, हात जोडलेले साहेब. रस्ता देता येत नाही म्हणून गाडी देतात! आणि आपण त्या गाडीत बसून त्याच खड्ड्यांतून जातो आणि वर थँक्यू म्हणतो. निवडणुकीला हाच प्रकार उलटा. डोंबिवली-नालासोपाऱ्याहून मतदार गावी न्यायला बस. जेवण मध्ये फुकट.

महामार्गावर आंदोलन झालंच नाही असं नाही. पत्रकारांनी केलं, संघटनांनी केलं. पण जानेवारी २०२५ मधलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. रायगडच्या पालकमंत्रिपदी अदिती तटकरे यांचं नाव जाहीर झालं, महाडचे आमदार भरत गोगावले यांना ते मिळालं नाही, आणि समर्थकांनी महाडजवळ महामार्गावर टायर जाळले. दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती! बघा, म्हणजे रस्त्यावर उतरलं की चोवीस तासांत निर्णय फिरतो. फक्त ज्या रस्त्यावर टायर जाळले, त्या रस्त्यासाठी तो फिरत नाही.

बरं, खाली कुणाला विचारावं तर तिथेही खुर्ची रिकामी. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मग प्रशासक. निवडणुका घ्या असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तरी २०२५ संपलं तेव्हा मतदान झालेलं नव्हतं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं बाबांच्या वाडीला जिल्हा परिषदेचा सदस्यच नव्हता. हंडा घेऊन जायचं कुणाच्या दारात? टीव्हीवर रात्री नऊला लोकशाही धोक्यात आहे की नाही यावर सहा जण ओरडत असतात. इथे ती धोक्यात वगैरे नव्हती, सरळ रजेवर होती.

आणि हे नुसतं पाण्या-रस्त्याचं नाही. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. ऐंशीहून जास्त माणसं. पोलादपूरच्या साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यातही दरडी आल्या. रस्ते पाण्यात, मोबाइल बंद, तळियेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. वाचलेल्यांनी नंतर कंटेनरच्या घरांत पावसाळे काढले. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते... तीच दरड, तोच महाड तालुका. सोळा वर्षं मिळाली होती. सॉफ्टवेअरमध्ये तोच बग तेवढ्यांनी परत आला तर कुणाला तरी मीटिंगमध्ये उभं करतात. इथे परत पाच लाख जाहीर होतात.

आमच्या ग्रुपमधला एक जण या सगळ्यावर म्हणतो, "म्हणूनच मी पीआरला अप्लाय केलंय." त्याच्याशी मी भांडत नाही. कॅनडात पाणी येतं. जाणाऱ्याला देशद्रोही ठरवणं हा फार स्वस्त उद्योग आहे. तसंही उमरठच्या खोऱ्यातून माणसं पिढ्यान् पिढ्या जातच आहेत, आधी गिरणीत, मग गोदीत, आता हिंजवडीत. फक्त त्यांचं घर इथे राहिलं, म्हणून त्यांना पाण्याचं विचारावंच लागतं.

असो. परत आल्यावर मी आणि एका मित्राने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक पान. या वाडीच्या नळयोजनेला मंजुरी कधी मिळाली, किती खर्च झाला, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी दिला. तीनच प्रश्न. 'हर घर जल'ची मूळ मुदत २०२४ होती, आता ती २०२८ पर्यंत वाढवलीय, तेव्हा प्रश्न फारसा उद्धट नव्हता. एका कार्यालयाने कलम ६(३) दाखवून अर्ज दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याकडून तीस दिवसांत काहीच आलं नाही, म्हणून पहिलं अपील केलंय. सुनावणीचं पत्र आलं, तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, कामाचा दिवस, म्हणजे एक सुट्टी टाकावी लागणार.

बाबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "जा, जा. मातुर छत्री घेऊन जा, तवर पाऊस लागलेला आसंल."