चिनी साक्षीदार

महापे येथील कारखान्यांच्या रस्त्याने शाळेस येता-जाता गोदामांच्या दारांत रचलेली खोकी आम्ही नित्य पाहत असू. त्यांवर चिनी अक्षरे छापलेली असत. एके दिवशी वडिलांनी सहज विचारले, "काय रे लिहिले आहे त्यावर?" तीन भाषा शिकत असलेले आम्ही तेथे मात्र मुके झालो.

त्याच वर्षी निबंधस्पर्धेत आम्ही ह्युएनत्संगावर लिहिले. हा चिनी भिक्षू इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. ह्या देशास तो 'मो-हो-ल-च' म्हणतो व दुसऱ्या पुलकेशीस 'पु-लो-कि-शे'. येथील लोक मानी, उपकार स्मरणारे, वैऱ्यासही आधी सूचना देऊन मग त्याचा सूड घेणारे, असे तो लिहितो. हर्षासारखा सम्राटही ह्यांस जिंकू शकला नाही, ही त्याची साक्ष; आणि ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात रविकीर्तीनेही हर्षाच्या पराभवाचेच वर्णन केले आहे. मग काय विचारता! आमचा निबंध म्हणजे निव्वळ पोवाडाच झाला.

गुरुजींनी बक्षीस दिले नाही. त्यांनी बील साहेबांचे १८८४ सालचे इंग्रजी भाषांतर हाती ठेवले व म्हणाले, "साक्षीदार बोलावलात, तर त्याची जबानी पुरती ऐका."

ती ऐकली आणि आमचा चेहरा उतरला. ह्या राज्यातील शेकडो योद्धे मद्य पिऊन रणात उतरत. वाटेत त्यांनी कोणास ठार केले तरी कायदा त्यांस शिक्षा करीत नसे. हत्तींसही मद्य पाजीत. हरलेल्या सेनापतीस दंड नसे. त्यास स्त्रीची वस्त्रे पाठवीत, आणि तो लाजेने प्राण देई. हे सारे त्याच प्रकरणात, स्तुतीच्या शेजारीच होते. आम्ही ते पाहिलेच नव्हते, कारण पाठ्यपुस्तकातील चार ओळींपलीकडे गेलोच नव्हतो. शंभरावर विहार व पाच हजारांवर भिक्षू ह्या देशात होते, हेही त्यातच. पुढे थोड्याच काळात, ६४२ च्या सुमारास, पल्लवांनी बदामी घेतली. ज्याच्या अजिंक्यपणाची आम्ही द्वाही फिरविली, त्याचे राज्य असे कोसळले.

पण बीलचे इंग्रजीही परक्याचेच बोलणे. मूळ चिनी वाचणारे मराठी कोणी झाले की नाही? चौकशीअंती पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट ह्यांचे नाव कळले. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ पूर्णरूपाने चिनी भाषांतरातच उरला आहे. त्याची पाली 'विसुद्धिमग्गा'शी तुलना त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. पुढे पाचव्या शतकातील एका चिनी विनयग्रंथाचे भाषांतर त्यांनी हिराकावा ह्या जपानी पंडिताबरोबर केले. ते भांडारकर संस्थेने १९७० साली छापले. तेव्हा बापटांनी पंचाहत्तरी ओलांडली होती!

आम्हांस पंधराव्या वर्षी आळस करण्यास आता तोंड उरले नाही. जुन्या वहीत रोज दोन अक्षरे गिरवू लागलो. प्रगती गोगलगाईची, आजचे अक्षर उद्या आठवत नाही, आणि एका रेघेच्या चुकीने अर्थ भलताच होतो. ह्युएनत्संगाचे मूळ वाचणे अद्याप फार दूर आहे.

तथापि गेल्या महिन्यात वडिलांसमवेत त्याच गोदामावरून जात असता एका खोक्यावरील अक्षर ओळखीचे वाटले. त्याचा अर्थ 'वर'. ते अक्षर खाली डोके वर पाय करून उभे होते. आम्ही वडिलांस तसे सांगितले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या हमालास हाक मारली, आणि दोघांनी मिळून ते खोके सुलटे केले.