झाकलेल्या गोळीची मुदत

औषधं किती टिकतात हे तपासणाऱ्या आमच्या स्टॅबिलिटी विभागात नवी आलेली मुलं तापमानाच्या आकड्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. मी आधी आर्द्रता बघते. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनेटच्या जोडगोळीत खरा वैरी पाणी. दोघांच्याही रेणूत बीटा-लॅक्टम हे चार अणूंचं ताणलेलं कडं असतं. औषधाचं काम त्या ताणावर चालतं आणि पाण्यापुढे ते फुटतं तेही त्यामुळेच.

गंमत म्हणजे अमॉक्सिसिलिन आपल्या स्फटिकात पाण्याचे तीन रेणू बाळगूनही निवांत असतं, कारण ते पाणी जागच्या जागी बांधलेलं असतं. क्लॅव्ह्युलॅनेटचा पोटॅशियम क्षार मात्र हवेतला ओलावा अधाशासारखा ओढतो.

आपल्याकडची हवा उष्ण आणि फार दमट. त्यामुळे दीर्घ चाचणी ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला, तर घाईची चाचणी ४० अंश आणि ७५ टक्क्यांना, सहा महिने. औषधाचं प्रमाण सुरुवातीपेक्षा ५ टक्क्यांनी हललं की बदल लक्षणीय ठरतो.

हे तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या चेंबरमध्ये एक गोळी उघड्या काचेच्या बशीत ठेवून बघावी. वरचा लेप फुगतो, मग तडकतो, कडेला पिवळट-तपकिरी डाग धरतात. क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या आलेखावर, आधी येणारं क्लॅव्ह्युलॅनेटचं पीक बुटकं झालेलं असतं. मागून येणारं अमॉक्सिसिलिन तुलनेनं बरंच तग धरून. शेजारी अॅल्युमिनियमच्या बंद कप्प्यातली गोळी पांढरीशुभ्र. म्हणजे आम्ही तपासतो ते औषधाइतकंच पाकीटही.

शिवाय काय घटलं एवढंच बघून भागत नाही, नवीन काय तयार झालं तेही शोधावं लागतं. १९६३ साली अमेरिकेत जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद झाली. दोष विघटनातून बनलेल्या पदार्थांकडे गेला. आमच्या अहवालात अशुद्धींचा तक्ता प्रमाणाच्या तक्त्याहून लांब असतो, तो उगाच नाही.

स्ट्रिपवरची तारीख बंद कप्प्याची असते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. रत्नागिरीच्या मावशीनं ऐन आषाढात याच गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स एकदम सोलून वारांच्या डबीत भरला होता.

“मावशी, ही गोळी खायच्या वेळीच फोडायची.”

“मग या डब्या विकतात कशाला?”

“काही गोळ्यांना चालतं. हिला नाही.”