साठ टक्के

आमच्या घरात सध्या दोन परीक्षार्थी आहेत. एक सतरा वर्षांची, बारावीतली, नीटची तयारी करणारी. दुसरा शेहेचाळीस वर्षांचा, जाड चष्म्याचा, बीएड झालेला आणि एकवीस वर्षं खडूची धूळ खाल्लेला. जेवणाचं टेबल एकच आहे. रात्री भांडी उचलली की लेक एका टोकाला बसते, मी दुसऱ्या. मध्ये तिची अम्मी मेथी निवडत असते. ‘मोबाइल बाजूला ठेवा’ हे तिचं वाक्य आम्हा दोघांना मिळून असतं.

माझी परीक्षा म्हणजे टीईटी.  दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, पास व्हायला साठ टक्के. २००४ मध्ये मी नोकरीला लागलो तेव्हा ही परीक्षाच नव्हती. महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली आणि आम्ही जुने लोक सुटलो असंच सगळे धरून चालले होते. २०२५ च्या १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर घरी जावं. माझी बारा वर्षं उरली आहेत.

त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार झाला. कुणीतरी म्हणालं, “आपली संस्था अल्पसंख्याक आहे, आपल्याला लागू नाही.” ते खरंही होतं, निदान त्या घडीला, कारण अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे पाठवला होता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. मग घरी येऊन गुपचूप फॉर्म भरला. शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. नापास झालो तर कळूच नये, हा एवढाच हिशेब. हा लेख वाचून आता कळेलच.

पंचवीस वर्षांचा असताना मला विचारलं असतंत की यश म्हणजे काय, तर मी एका शब्दात सांगितलं असतं: परमनंट. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली. त्या काळात आमच्या कोकणी मुसलमानांच्या लग्नाच्या बाजारात मास्तरचा भाव फार नव्हता. दुबईवाला, कुवेतवाला, जहाजावरचा, असे भाव उतरत जायचे आणि मास्तर शेवटी यायचा. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्या ठिकाणी मेथी निवडणारी ही भेटली. कायम झाल्याची ऑर्डर हातात आली त्या दिवशी आईने अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. मला वाटलं, संपलं. आता आयुष्यात कुणी माझी परीक्षा घेणार नाही.

हे ‘परमनंट’चं वेड कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे. अब्बा कुवेतला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. दोन वर्षांनी एकदा म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी यायचे तेव्हा टेपरेकॉर्डर, अत्तर, ब्लँकेट आणि मला न होणारे बूट घेऊन यायचे. १९९० च्या ऑगस्टच्या २ तारखेला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि आमच्या गावातल्या निम्म्या घरांत चूल पेटेना. रेडिओला कान लावून बसलेल्या बायका मला अजून दिसतात. एअर इंडियाच्या विमानांनी जॉर्डनमधल्या अम्मानहून सुमारे पावणेदोन लाख लोक परत आणले, त्यात अब्बा होते. रेक्झिनची एक बॅग घेऊन घरी आले. तिकडच्या बँकेचं पासबुक बॅगेत होतं. त्या दिवसांत त्या पासबुकाची किंमत वहीएवढीच होती.

पुढच्या वर्षी युद्ध संपलं आणि गावचे बहुतेक लोक पुन्हा गेले. अब्बा गेले नाहीत. त्यांनी किराण्याचं दुकान टाकलं. शेजाऱ्यांची घरं दुमजली झाली, आमच्या दुकानावर गळका पत्राच राहिला. काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत भरपाईचे पैसे आले, तेव्हा तो पत्रा बदलला आणि माझ्या कॉलेजची सोय झाली. पण मी त्यांना हरलेला माणूस समजत होतो. तोंडावर कधी म्हटलं नाही. पण मुलांच्या मनातलं बापाला कळतंच.

चाळिशी ओलांडल्यावर एकदा विचारलं, “तुम्ही परत का नाही गेलात?” ते म्हणाले, “सुट्टीवर यायचो तेव्हा तू आईच्या मागे लपायचास. तिला विचारायचास, हे कधी जाणार?” माझा गळा दाटला. लगेच ते पुढे म्हणाले, “आणि एजंट पैसे फार मागत होता.” यातलं खरं कारण कोणतं, मी ठरवलेलं नाही.

परमनंट झाल्यावर यशाने कपडे बदलले. आता यश म्हणजे निकाल. माझी नेमणूक सहावी ते आठवीची, पण शिकवतो दहावीपर्यंत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणं हे एक वेगळंच काम आहे. उजवीकडून डावीकडे वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे वळवायचा, आणि उर्दूत नसलेलं नपुंसकलिंग डोक्यात बसवायचं. ‘तो पुस्तक’, ‘ती घर’ ऐकत दिवस जातो. माझ्या विषयाचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा, या एका आकड्यासाठी मी कितीतरी वर्षं जगलो.

एका वर्षी एक मुलगा होता. वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये हमाली करायचे. मुलगा पहाटे त्यांच्याबरोबर जायचा आणि वर्गात झोपायचा. नववीत मराठीत तो काठावरही येत नव्हता. मी त्याच्या आईला शाळेत बोलावलं आणि समजावलं की त्याला दहावीला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, त्याच्यावरचा ताण कमी होईल. तिने मान डोलावली, माझे आभार मानले. ताण खरं तर माझ्यावरचा कमी होणार होता. बाहेरून बसणारा मुलगा आमच्या निकालात धरला जात नाही. त्या वर्षी माझा निकाल शंभर टक्के लागला. शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून कपाटात आहे. त्या मुलाने पुढे परीक्षा दिली की नाही, मला माहीत नाही. कुठेतरी भेटेल, ‘सर’ म्हणून हाक मारेल, असं कथांमध्ये होतं. मला तो भेटलेला नाही.

आता मी पेंधरला मेट्रोत बसतो आणि बेलापूर येईपर्यंत बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवतो. ‘मंदगतीने शिकणाऱ्या मुलाबाबत शिक्षकाने काय करावे?’ चार पर्याय असतात. बरोबर पर्याय मला येतो. त्या वर्षीही आला असता. खरी अडचण साठ गुणांच्या सामाजिक शास्त्रांची आहे. भाषेच्या मास्तरला अक्षांश-रेखांश आणि सल्तनतींचे क्रम पाठ करताना घाम फुटतो. लेक माझी उजळणी घेते आणि चुकलो की हुबेहूब माझ्या आवाजात म्हणते, “लक्ष कुठे आहे?”

मराठीत यश, उर्दूत कामयाबी, हे दोन शब्द मी रोज फळ्यावर लिहितो. तिसरा रोज कानावर पडतो: फलाह. प्रत्येक अजानमध्ये दोनदा त्याच्याकडे या म्हणून बोलावणं असतं. परवा शब्दकोश चाळताना दिसलं की अरबीत त्याच मुळापासून फल्लाह, म्हणजे शेतकरी, हा शब्द येतो. मुळाचा एक अर्थ जमीन फाडणं, नांगरणं. मी मोठ्या कौतुकाने हे अब्बांना सांगितलं. आई गेल्यापासून ते तळोज्याला आमच्याकडेच असतात. गावी आमची थोडी भातशेती होती, आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात ते उभे राहिलेले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शेतकऱ्याला कामयाब कोण म्हणतं? त्याची पाठ बघ कधी.”

२०२५ च्या ऑक्टोबरच्या ८ तारखेला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. अब्बा टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. “आमच्या वेळी सहारला जायला रात्री गावाहून निघावं लागायचं,” म्हणाले. “आता तू इथून रिक्षाने जाशील.”

“कुठे जाऊ?”

“कुवेतला,” म्हणाले आणि स्वतःच हसले. मग टेबलावरची माझी पुस्तकं बघून विचारलं, “पास व्हायला किती लागतात?”

“नव्वद. दीडशेपैकी.”

तीस वर्षं दुकानाची वही लिहिलेला माणूस. बोटंसुद्धा मोजली नाहीत.

“म्हणजे साठ चुकले तरी चालतात,” म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज माझ्यासाठी कमी केला.