खिशातला आणि गळ्यातला

माणसांसारखेच कॅमेऱ्यांचेही स्वभाव असतात. काही कॅमेरे मानाच्या पाहुण्यासारखे वर्दी देऊन येतात, तर काही शेजारच्या पोरासारखे मागील दाराने! २००७ साली दिवाळीच्या तोंडावर मी दुकानात गेलो, तेव्हा असेच दोघे माझ्यापुढे मांडले गेले. थोरला निकॉनचा डी-४०, गळ्यात अडकवायचा, भिंगे बदलता येणारा. धाकटा कॅननचा इक्सस ६०, खिशात सहज मावणारा.

चित्रातले ठिपके दोघांचेही साठ लाखच. मग फरक कशात? ओंजळीत! प्रकाश झेलणारी थोरल्याची पाटी धाकट्याच्या सुमारे पंधरापट मोठी. त्यामुळे पणत्यांच्या मंद उजेडातही त्याचे चित्र नितळ येई. धाकट्याच्या चित्रावर मात्र रवा सांडल्यासारखा दिसे.

हिशेब थोरल्याच्याच बाजूने होता. पण मला फोटो हवा होता आईचा. कुणी कॅमेरा डोळ्याला लावला, की ती पदर सावरायची, ओठ मिटायची आणि तिच्या जागी कुणी परकीच बाई येऊन बसायची. थोरल्याला तर डोळा लावल्यावाचून गत्यंतरच नव्हते. धाकट्याच्या पाठीवरच्या पडद्यात पाहून गप्पा मारता मारता फोटो काढता येई. मी धाकटाच घेतला.

आज आई नाही. चुलीच्या उजेडात चकली मोडून मला देताना ती हसली, तेवढा एक फोटो आहे. रवाळ आहे खरा. पण त्यात आई आहे.