चांदीच्या पाण्याचा रंग

आमच्याकडे वाळे-तोरड्या काळवंडल्या की त्या राखेने घासून उजळवतात. चांदीला चढणारा काळेपणा वरवरचाच असतो, ही समजूत बहुधा तेथूनच रुजते.

चंद्रपुरातील आमच्या एका स्नेह्यांनी नातवाच्या सततच्या खोकल्यावर घरीच 'चांदीचे पाणी' करण्याचा घाट घातला. शुद्ध चांदीच्या दोन तारा, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणि काचेचा पेला, एवढीच सामग्री. पहिल्या खेपेस पाणी दुधाळ झाले, दुसऱ्या खेपेस पिवळे, तिसऱ्या खेपेस करडे. आम्ही मराठीचे अध्यापक; परंतु महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभाग शेजारीच, म्हणून प्रश्न आमच्यापाशी आला.

उत्तरे अवघड नव्हती. दुधाळपणा बोअरच्या पाण्यातील क्लोराइडचा : चांदीशी त्याचा संयोग होऊन पांढरा, न विरघळणारा सिल्व्हर क्लोराइड बनतो आणि उजेडात जांभळट काळा पडतो. ऊर्ध्वपातित पाणी घेतले की तो टळतो. पिवळा रंग हा दोषच नव्हे. चांदीचे अतिसूक्ष्म कण प्रकाशातील जांभळा भाग शोषून घेतात, उरलेला प्रकाश डोळ्यांना पिवळा दिसतो. विद्युत्प्रवाह अधिक झाला किंवा फार वेळ चालला की कण मोठे होतात, एकमेकांना चिकटतात; मग करडेपणा येतो, तळाशी गाळ बसतो.

परंतु या तिन्ही रंगांपैकी एकही 'हे पाणी पिण्याजोगे आहे काय' याचे उत्तर देत नाही. नितळ पाण्यातही चांदी असतेच, आयनांच्या रूपाने, डोळ्यांना न दिसणारी. ती दीर्घकाळ पोटात गेली तर त्वचेत साठते, आणि चेहरा व हात, म्हणजे उजेड लागणारे भाग, निळसर करडे होतात. या विकारास आर्जिरिया म्हणतात. हा रंग राखेने निघत नाही. सहसा तो जन्मभर राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली अशी द्रावणे औषध म्हणून सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

म्हणून स्नेह्यांना आम्ही रंगांची कारणे सांगितली, आणि नातवाला हे पाणी देऊ नका, त्याला डॉक्टरांकडे न्या, असेही सांगितले. त्यांना ते रुचले नाही. "घरचे आहे, त्यात काय वाईट?" असे ते म्हणाले.

घरचे असणे वाईट नाही, हे तर गडचिरोलीनेच जगाला दाखवले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांच्या जंतुसंसर्गावर घरीच उपचार केले. तेही १९९९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले : उपचारांची ३९ गावे, तुलनेची ४७ गावे, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. तेथे झोपडीतली मुले तोलली गेली, जन्म आणि मृत्यू वहीत उतरले. आमच्या स्नेह्यांच्या पेल्यात चांदी किती होती, हे मात्र कोणीच मोजले नव्हते.