वेताळाला बुबुळं नाहीत

मामाच्या पत्र्याच्या पेटीत बाबासाहेबांचा काच तडकलेला फोटो होता, आजाच्या जमिनीच्या दाव्याचे कागद होते आणि सगळ्यात खाली इंद्रजाल कॉमिक्सचे अकरा अंक होते. मराठी अंक. मुखपृष्ठं फाटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. १९८० नंतरच्या सालांत मामा अकोल्याला हमालीला जायचा. तिथल्या रद्दीवाल्याकडून त्यानं ते किलोच्या भावानं उचलले होते.

"मामा, हे कायले जपून ठेवले तुमी?"

"मले वेताळ व्हाचं होतं बे," मामा म्हणाला. "शेलूबाजारचा वेताळ. पांढऱ्या घोड्यावर बसून येईन अन् एकेकाच्या जबड्यावर कवटीचा ठोसा ठेवून देईन."

बोलताना तो हसला. पण त्याचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. कोणत्या जुन्या थपडेवर तो हात गेला ते मी विचारलं नाही. आपल्यात अशा थपडा विचारत नाहीत. घरटी एक असतेच.

मी जिनिंगमध्ये कामाला आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की रेचे सुरू होतात. मग कानाला दुसरं काही ऐकू येत नाही आणि नाकातोंडात रुईच रुई. शाळा दहावीला सुटली. पुढचं वाचन झालं ते सरकीच्या ढिगाला पाठ टेकून. त्या हंगामात जेवणाच्या सुटीत मी ते अकरा अंक वाचून काढले. परत वाचले. आणि मला दिसलं की वेताळ एक नाही.

मुखपृष्ठावरचा वेताळ वेगळा, आतला वेगळा. आतलाही एका अंकात लाकडी बाहुल्यासारखा ताठ, दुसऱ्यात पैलवानासारखा. नाव एक, मुखवटा एक, माणसं मात्र वेगवेगळी. मला प्रश्न पडला, कोण काढतं याला? रातपाळीला मोबाईलवर शोधत गेलो. जे हाती लागलं ते सांगतो.

ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ ला हा वेताळ वर्तमानपत्रात आणला. तिकडं त्याचं नाव फँटम. अंगाला चिकटलेला पोशाख आणि तोंडावर मुखवटा घालणारा चित्रकथेतला हा पहिल्यांपैकी. सुपरमॅन त्याच्यानंतर, १९३८ चा. पहिला चित्रकार रे मूर. त्याचा वेताळ सडपातळ. अर्धा अंग अंधारात, अर्धा उजेडात. तो दिसतो त्यापेक्षा जास्त लपतो. पाहिलं की वाटतं, हा रात्री खरंच मागून येईल. मूरनंतर विल्सन मॅकॉय. त्याची रेघ जाड, साधी, सपाट. सावली जवळजवळ नाहीच. तो शेजारपाजाऱ्यांना उभं करून त्यांचे फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र करायचा. म्हणून त्याचा वेताळ मुखवटा घातलेला शेजारी वाटतो. मॅकॉय १९६१ ला वारला. पुढं साय बॅरी आला आणि १९९४ पर्यंत त्यानंच काढलं. बॅरीचा वेताळ म्हणजे छाती, दंड, मांड्या. प्रत्येक स्नायूची वेगळी रेघ. मामाला व्हायचं होतं तो हा वेताळ.

मुंबईत टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं. ते १९९० पर्यंत चाललं. आतली चित्रं अमेरिकेतून यायची. कितीतरी मुखपृष्ठं मात्र आपल्याकडच्या गोविंद ब्राह्मणिया या चित्रकारानं रंगवली. त्यांच्या ब्रशात तोच वेताळ जास्त मांसल, जास्त तापलेला, सिनेमाच्या पोस्टरसारखा.

रंगाची गंमत तर निराळीच. फॉकच्या मनात पोशाख राखाडी होता. १९३९ ला रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा निघाला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. देश बदलला की वेताळाची कातडी बदलते.

पण काय बदललं नाही, ते पाहा. मूर असो की बॅरी, मुखवट्याच्या आत वेताळाला बुबुळं नाहीत. दोन पांढऱ्या भोकांतून तो बघतो. तो कुणाकडं बघतो हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही त्याच्या डोळ्यात डोळा घालू शकत नाही. आपण हे डोळे ओळखतो. फाटकात खुर्ची टाकून बसलेला ठेकेदार हजेरी घेताना असाच बघतो.

दुसरी गोष्ट गादीची. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी जहाज मारलं. एक गोरा पोरगा वाहत किनाऱ्याला लागला. बांडार नावाच्या बुटक्या काळ्या लोकांनी त्याला वाचवलं. हे बांडार दुसऱ्या एका जमातीचे गुलाम होते. गोऱ्यानं त्या मालकांच्याच सैतानी मूर्तीसारखा पोशाख शिवला, त्यांना घाबरवलं आणि बांडारांना सोडवलं. तो पहिला वेताळ. बाप मेला की पोरगा मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना वाटतं वेताळ मरतच नाही. आताचा एकविसावा. कवटीचं सिंहासन, बापाकडून पोराकडं. एकवीस पिढ्या! बांडारांतल्या एका तरी पोराला त्या सिंहासनावर कुणी बसवलं का? त्यानंच वेताळाला पाण्यातून काढलं होतं ना? चारशे वर्षं बांडार विषारी बाण घेऊन गुहेच्या तोंडाशी पहारा देतायत. जन्मानं मिळालेली गादी आणि जन्मानं मिळालेला पहारा. याला आपल्याकडं काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

काळानं धक्के दिले तसे फॉक-बॅरीही बदलले, हे खोटं नाही. आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाले. मग वेताळाच्या देशालाही लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष आला. जंगल गस्ती दलावर काळा कर्नल आला. पण त्या दलाचा सगळ्यात वरचा, तोंड न दाखवणारा सेनापती? वेताळच. निवडणूक झाली, मतपेट्या आल्या, तरी गुहेतल्या सिंहासनाची मतमोजणी झाली नाही.

आणि मराठीत याला नाव काय दिलं? वेताळ. वेताळ तर आपल्या गावकुसाबाहेरचा देव. कोकणात वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याचे भलेमोठे जोडे वाहतात. देव फिरतो, नवस फिटतो. ते चामडं कमावणारे हात कुणाचे, हे नवसात बोलत नाहीत. तसंच या पुस्तकांत. नाव गावकुसाबाहेरचं, अंग गोऱ्या साहेबाचं.

हे सगळं मी वाचत होतो त्याच हंगामात रेच्यात एका मावशीची दोन बोटं गेली.

रेचा बंद झाला. आम्ही तीस-पस्तीस माणसं गोल करून उभे. रक्त रुईत जिरत होतं आणि आम्ही फाटकाकडं बघत होतो. कुणीतरी येईल. साहेब येतील, पुढारी येईल. तिसऱ्या दिवशी पुढारी आला. पांढऱ्या गाडीतून. घोडा नव्हता एवढंच. फोटो काढला, पाचशेची नोट दिली, गेला. ठेकेदार म्हणाला, या बाईचं नाव हजेरीपुस्तकात नाही.

तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. मी कविता करणारा माणूस, आणि मीसुद्धा घोड्याच्या टापा ऐकत उभा होतो.

रात्री मी अर्ज लिहिला. कितवा रेचा, किती वाजता, कोण कोण हजर, झाकण कधीपासून तुटलेलं. मजुराच्या अपघाताला भरपाई हा १९२३ च्या कायद्यापासूनचा हक्क आहे, भीक नाही, हेही लिहिलं. सह्या-अंगठे चौदा झाले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मागं घेतले, बारा राहिले. दवाखान्याचा खर्च मिळाला. बोटांचे पैसे अजून मिळायचे आहेत. या हंगामात मला पहिले पंधरा दिवस फाटकाबाहेर ठेवलं. पण मावशी अर्ज सोडत नाही. "माह्या बोटाचं नाव तरी कागदावर आलं बाबू," म्हणते.

मग जयंती आली. वस्तीतल्या एका पोरानं मोबाईलवर फ्लेक्सचं चित्र बनवून आणलं. बाबासाहेब. पण कसे? छाती पिंपाएवढी, दंडावर शिरा, मागं वीज कडाडलेली, डोळ्यांतून निळा उजेड. पोरं खूष झाली. मी म्हणालो, हे नको.

तो चिडला. "ते लोक त्यायच्या देवायले दंड काढून रायले, चौकाचौकात. मंग आपुन कायले नरम दाखवाचं? दबून रायचं का अजून?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मार खाल्लेल्याला दंड हवे असतात. मामालाही हवे होते. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात मामा पुढं झाला, चित्र जवळ धरलं आणि म्हणाला, "चष्मा कुठी गेला बे यायचा?"

खरंच चष्मा नव्हता. उजेड होता, बुबुळं नव्हती.

दोस्तहो, बाबासाहेबांनाही चित्रकथेत वेगवेगळ्या हातांनी काढलंय. १९७९ साली अमर चित्र कथेनं बाबासाहेबांवर अंक काढला. चित्रं दिलीप कदमांची. हात कसलेला, चेहरा देखणा, गोष्ट सरळ. त्यातनं कितीतरी पोरांना पहिल्यांदा बाबासाहेब भेटले, ते उपकार मी नाकारत नाही. पण ज्या चौकटीत देव बसवले, राजे बसवले, त्याच चौकटीत बाबासाहेब बसवले. चौकट मोजलेली. तिच्यात नायक मावतो, बाकीचे कडेला कापले जातात.

२०११ साली 'भीमायन' आलं. मी ते नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या पाहिलं. माझं इंग्रजी तोडकं, पण चित्रांनी अडवलं नाही. चित्रं काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी. मध्य प्रदेशातले परधान गोंड. परधान आपल्या यवतमाळकडंही आहेत. त्यांनी चौकटी टाकल्याच नाहीत. घराच्या भिंतीवर बाया जी नक्षी काढतात, तिच्या वळणांनी पान वाहतं. गोड बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. पाणी, निवारा, प्रवास, अशी प्रकरणं. शाळकरी भीमाला पाणी न मिळालेलं, बडोद्याला नोकरी असून राहायला जागा न मिळालेली. तिथं बाबासाहेबांना दंड नाहीत. तहान आहे. आणि डोळे! मोठे, उघडे, बुबुळासकट, प्रत्येकाला. माणसाला, जनावराला, माशाला. त्या पानात तुम्ही बाबासाहेबांकडं बघता तेव्हा सगळं पान तुमच्याकडं बघतं.

तिथं मला कळलं. चित्रकार नायकाचं नाक बदलतो, रंग बदलतो, दंड वाढवतो, त्यानं नायक बदलत नाही. नायकाच्या बाजूला कोण उभं आहे आणि त्याला डोळे दिलेत का, यानं बदलतो.

२० मार्च १९२७. महाड. वेताळाच्या चित्रकाराला चवदार तळं काढायला सांगा. तो एक माणूस काढेल, एक ओंजळ काढेल, बाकी लोक मागं ठिपके. पण त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारोंनी पाणी घेतलं. ते हात काढले नाहीत तर ते महाड नव्हे. आणि १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मजुरांसाठी जे केलं ते दंडानं नाही केलं. कलमं लिहून केलं, डोळे फोडून, चष्मा लावून. ती गादी ते कुणाच्या पोराला देऊन गेले नाहीत. वाचायचं काम आपल्या सगळ्यांवर टाकून गेले.

हे मी वस्तीत बोललो. अर्ध्यांना पटलं, अर्धे उठून गेले. फ्लेक्स छापला गेला आणि चौकात लागला. दंडासकट.

पण जयंतीच्या दोन दिवस आधी तो पोरगा माझ्याकडं आला. म्हणाला, "इतके हात काढाचे कसे? मले एकच हात काढता येते." आम्ही जुन्या धोतराचं पांढरं कापड ताणलं. फ्लेक्स आल्यापासून बसून असलेल्या एका म्हाताऱ्या पेंटरला बोलावलं. मधे तळं काढलं. मग वस्तीतल्या एकेकाला बसवून त्याचा हात समोर धरायला लावला आणि पोरानं तो पाहून काढला. हमालाचा, बाळंतिणीचा, शाळेतल्या पोरीचा. मामानं आपला दिला. बाबासाहेब तळ्याच्या काठी वाकलेले, चष्मा घातलेले, त्या हातांच्या मधोमध.

मावशी शेवटी आली. पदराखाली धरलेला हात बाहेर काढायला तिला वेळ लागला. पोरानं विचारलं, "पुरी पाची बोटं काढू का, मावशी?"

"नाई," ती म्हणाली. "हाय तसा काढ."

ते कापड विहाराच्या भिंतीवर आहे. शेलूबाजारला आलात तर पाहून जा. आणि बोटांच्या अर्जावर अजून सह्या लागणार आहेत.

जयभीम.